सासऱ्यांच्या कंबरेत मारलेली लाथ

मी पायाळू नाही. जन्मताना माझं डोकंच आधी बाहेर आलं, इतर चार माणसांसारखं. एवढं सांगायला निम्मं आयुष्य गेलं. सासरे होते तोवर तोंड उघडायची सोय नव्हती, आणि बायकोला सांगितलं ते तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

नवेगावच्या तलावाच्या बांधाखाली सासऱ्यांची धानाची शेती होती. मी तिथे घरजावई. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सारं घर बांधीतल्या चिखलात वाकलेलं असायचं, आणि मी जरा पाठ सरळ केली की सासरे धुऱ्यावरून, शेताच्या कडेवरून, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं विचारायचे, "जवाईबापू, रोवणा करून राहिले का बगळ्यावानी उभे आहा?" बाया हसायच्या. त्यांत माझी बायकोही असायची.

एका सकाळी रोपांची पेंडी उचलताना सासऱ्यांच्याच कंबरेत उसण भरली. वाकले ते वाकलेच राहिले. चौघांनी त्यांना विळ्यासारखं तसंच उचलून ओसरीवर आणलं. उसण भरली की पायाळूची, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाची, लाथ कंबरेला लागली पाहिजे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावातली एकुलती एक पायाळू म्हातारी उन्हाळ्यातच वारली होती. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असताना मी म्हणालो, "मामाजी, मी पायाळू आहो."

उपकार करायचा म्हणून नव्हे. मला ती लाथ मारायची होती.

सासरे खांबाला धरून उभे राहिले. मी आधी त्यांच्या पाया पडलो. रीत अशी की पाय नुसता टेकवायचा. माझा टेकला नाही. आजवरचे सगळे बगळे त्या लाथेत होते. सासरे खांबावर आदळले, कण्हले आणि हळूहळू सरळ झाले. फार पुढे एका डॉक्टरांनी मला समजावलं, की ताणलेला स्नायू आखडून बसतो आणि काही दिवसांत आपोआप सैल पडतो, कोणी लाथ मारो न मारो. सासरे त्याच दिवशी सरळ झाले, ते बहुधा दुसऱ्या लाथेच्या धाकानं.

पायाळूवर वीज पडते, अशीही समजूत. सासऱ्यांनी फर्मान काढलं, आभाळ भरलं की जवायानं शेतात पाय ठेवायचा नाही. आता रोवणीत आभाळ भरलेलं नसतं कधी? मी ओसरीवर बसून येईल त्याच्या कंबरेला पाय लावू लागलो. लोक लाथ खाऊन वर सुकी मासळी देऊन जायचे. माझ्या वाट्याची रोवणी बायकोकडे गेली.

ती दोघांचं वाकत होती. संध्याकाळी घरात शिरताना चौकट धरून थांबायची, तेव्हा मी दुसरीकडे पाहायचो. एक दिवस ती भिंतीला धरून आली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "मलेबी लावा."

पाय उचलेना. मी सगळं सांगून टाकलं. ती वळली नाही. उसण भरलेली, वळणार कशी? भिंतीकडे पाहूनच म्हणाली, "उद्या तुमी बांधीत जा."

सकाळी ती कंबर शेकत पडली होती आणि ढग गडगडत होते. सासरे मला आडवे आले. मी म्हणालो, पडायची तर पडो वीज. त्यांचे डोळे भरून आले. पुढे गावभर ते माझ्या छातीचं कौतुक करत, आणि मला चुलीत शिरावंसं वाटे. वीज पडली नाही. मी तिच्या आणि माझ्या, दोन्ही वाट्यांची रोवणी केली, आणि ती संपायच्या आत माझीच कंबर धरली.

सासरे हवालदिल. पायाळूला लाथ मारायची कोणी? देवरीकडे एक जण आहे म्हणतात, पण नाल्यांना पूर. तेव्हा बायको, आता नीट चालू लागलेली, पदर खोचून पुढे झाली.

"बाबा, मीबी पायाळूच आहो."

"तू? तुही माय कधी बोलली नाही."

"लगन मोडलं असतं, म्हणून."

सासूबाई वारलेल्या आणि बाळंतिणीच्या खोलीत बाप नसतो. सासऱ्यांनी मान डोलावली. मी खांब धरला. ती रीतीप्रमाणे आधी माझ्या पाया पडली.

अख्खी रोवणी होती त्या लाथेत.

"सुटली का, जवाईबापू?" सासऱ्यांनी विचारलं. तिनं पाय अजून खाली ठेवला नव्हता. मी म्हणालो, सुटली.

त्या दिवसापासून आभाळ भरलं की तिला शेत बंद. ती ओसरीवर बसून लोकांच्या कंबरांना पाय लावायची, मासळी घ्यायची. मी मात्र छातीचा माणूस ठरलेलो. मला घरी बस म्हणून कोणी सांगेना.