नावावर राहिलेली व्हॅन

कामठ्यात उदेलाल पटलेची पांढरी व्हॅन सगळ्यांच्या ओळखीची होती. १९९९ साली धान चांगला पिकला तेव्हा त्यानं ती घेतली. गावातली ती काही पहिली चारचाकी नव्हती. राईस मिलवाल्याकडे गाडी होती, ठेकेदाराकडे जीप होती. पण त्यांच्या दारात गाडी मागायला जायचं म्हणजे चप्पल काढून उभं राहावं लागे. उदेलालच्या दारात तसं नव्हतं. कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, कोणाला विळा लागला, कोणाची वरात आमगावला न्यायची असली, की लोक सरळ त्याच्या अंगणात येत आणि तो हातातलं जेवणाचं ताट बाजूला ठेवून उठे. भाडं त्यानं कधी घेतलं नाही. कोणी फारच आग्रह केला तर म्हणे, "तेल टाकून दे."

त्याची बायको तुलसा चिडे. "गाडी आपली हाय का ग्रामपंचायतीची?"

"रस्त्यावर चालते तवरिक सगळ्याइची," उदेलाल म्हणे.

माणूस तसा भित्रा होता. कचेरीत जायचं म्हटलं की त्याला घाम फुटे. एकदा एखादी गोष्ट पटली की ती बदलायची नाही, हा त्याचा स्वभाव. बियाणं एकाच दुकानातून, कापड एकाच दुकानातून आणि गाडीचं काम फुलचूरच्या नंदलाल मिस्त्रीकडेच. व्हॅनच्या कंपनीवर तर त्याचा इतका जीव होता की दुसऱ्या कंपनीची गाडी रस्त्यात बंद पडलेली दिसली की तो उगाच खूश होई.

दहा वर्षांत व्हॅन थकली. बाजूचा सरकता दरवाजा पट्टीतून निघायला लागला, तळाला गंज चढला, पावसाळ्यात पायाखाली पाणी येई. मुलगा धनेंद्र गोंदियात एका मिलच्या ऑफिसात कामाला होता आणि बायको रवितासह फुलचूरला राहत होता. बालाघाटच्या सासुरवाडीला या व्हॅनमधून जायची त्याला लाज वाटे. २००९ च्या दसऱ्याआधी त्यानं विषय काढला, "बाबूजी, आता हे बदलवा. एक्स्चेंज ऑफर चालू हाय."

"मंग याच कंपनीची घेऊ," उदेलाल म्हणाला.

आधी ते त्याच कंपनीच्या शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसानं व्हॅनला एक फेरी मारली आणि जो भाव सांगितला तो ऐकून धनेंद्र तिथूनच मागं फिरला. मग ते दुसऱ्या शोरूममध्ये गेले. त्या कंपनीचं नाव उदेलालला नीट उच्चारताही येत नव्हतं. दारात झेंडूची तोरणं होती, आत थंडगार हवा होती. विक्की नावाचा सेल्समन धावत आला, उदेलालच्या पाया पडला आणि म्हणाला, "चाचाजी नहीं, मैं भी बाबूजी बोलूंगा."

विक्कीनं व्हॅनला हात लावून पाहिला. "बाबूजी, क्या मेंटेन किये हो!" असं म्हणून त्यानं पहिल्या शोरूमपेक्षा कितीतरी जास्त भाव सांगितला. त्यावर कंपनी बदलून आल्याबद्दल वेगळा बोनस, पहिल्या वर्षाचा विमा फुकट, सीट कव्हर फुकट, चांदीचं नाणं. मात्र हे सगळं दसऱ्यापर्यंतच.

उदेलाल खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होता. "पर मले जुन्याच कंपनीची पाहिजे होती," तो हळूच म्हणाला.

"कंपनी का आपली सोयरी हाय, बाबूजी?" धनेंद्र म्हणाला. विक्की हसला, मग उदेलालही हसला, आणि ठरलं.

दसऱ्याला नवी लाल गाडी मिळाली. तुलसानं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. जुन्या व्हॅनच्या कागदांवर उदेलालनं विक्कीनं बोट ठेवलं तिथं तिथं सह्या केल्या. बरेच रकाने कोरे होते. "हे भरले नाही अजून," तो म्हणाला. "वो हम भर लेंगे बाबूजी. अब से पुरानी गाडी हमारी जिम्मेदारी."

"माझं नाव कधी निघंल?"

"महिने भर में."

महिन्यानं उदेलाल जाऊन आला. कागद नागपूरला गेलेत, असं कळलं. धान विकून झाल्यावर पुन्हा गेला. तेव्हा विक्की नोकरी सोडून रायपूरला गेला होता आणि नव्या माणसाला काही माहीत नव्हतं. होळीच्या सुमारास गेला तर शोरूमच्या काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. मालक धंदा बंद करून निघून गेला होता. घरी येऊन त्यानं धनेंद्रला सांगितलं.

"ज्यानं घेतली असंल त्यानं नाव केलंच असंल ना," धनेंद्र म्हणाला. "दुसऱ्याच्या नावावरची गाडी कोन चालवंल? तुम्ही कायले डोक्याला ताप करून राहिले?"

आरटीओत एकदा स्वतः जाऊन विचारावं, असं उदेलालच्या मनात आलं होतं. पण ती कचेरी. आज जाऊ, उद्या जाऊ करत उन्हाळी धानाला पाणी द्यायचे दिवस आले आणि ते राहून गेलं.

एप्रिलमध्ये एक दिवस तो अंगणात दोऱ्या वळत बसला होता, तेव्हा मोटरसायकलवरून एक पोलीस आला. त्यानं नंबर वाचून दाखवला.

"ही व्हॅन तुमची का?"

"माझी होती."

"होती का आहे? कागदावर तर आहे. देवरीजवळ हिच्याखाली माणूस गेलं, ठाण्यात या."

बापलेक नव्या गाडीनं देवरीला गेले. ठाण्याच्या आवारात, पकडून आणलेल्या लाकडाच्या ट्रकशेजारी, व्हॅन उभी होती. मागच्या काचेवर कोणीतरी 'माँ की कृपा' असं लिहून घेतलं होतं, आतल्या सीटा काढून फळ्या टाकल्या होत्या. पण उदेलालनं ती लांबूनच ओळखली. समोरचा पत्रा आत गेला होता, काच फुटली होती. वाकलेल्या बंपरच्या फटीत मोहाची फुलं अडकली होती, सुकून तपकिरी झालेली.

"कोन गेला?" त्यानं विचारलं.

"बाई होती," हवालदार म्हणाला. "पहाटे टोपली घेऊन मोहा वेचायला निघाली होती. रस्त्याच्या कडेनं चालून राहिली होती बिचारी. चालवणारा गाडी सोडून जंगलात पळाला."

तिचं नाव वच्छला. नवरा शालीकराम, एक लहान मुलगी.

पहिल्या दिवशी पोलिसांना वाटलं, उदेलालच पळाला असावा. त्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग कामठ्याहून सरपंच आणि चार माणसं आली, अपघाताच्या पहाटे हा गावातच होता असं त्यांनी लिहून दिलं, तेव्हा सोडलं. आठवड्याभरात चालवणारा सापडला. लायसन नाही, विमा कधीच संपलेला. गाडी त्याला गोंदियाच्या एका दलालानं दिली होती. दलाल म्हणाला, मी शोरूमकडून घेतली, कागद शोरूमकडे. आणि शोरूम तर उरलंच नव्हतं.

गोंदियातल्या भैय्यालाल वकिलानं नव्या गाडीचं बिल उलटून पालटून पाहिलं. त्यावर एक्स्चेंज बोनस लिहिलेला होता, पण कोणत्या गाडीच्या बदल्यात ते कुठंच नव्हतं.

"गाडी दिल्याची पावती घेतली होती का?"

"त्यानं सांगितलं, जिम्मेदारी आमची हाय म्हनून," उदेलाल म्हणाला.

 वकिलानं बिल परत दिलं आणि म्हणाला, "फौजदारीत तुम्हाला काही होणार नाही. पण नुकसानभरपाईचा दावा येईल, आणि तो मालकावर येईल. तोवर त्या माणसाला भेटायला जाऊ नका. गेलात तर म्हणतील, गुन्हा कबूल केला."

तरी उदेलाल गेला. धनेंद्रला न सांगता, तुलसाला घेऊन, बसनं. नवी गाडी घेऊन त्या दारात जायची त्याची छाती झाली नाही. देवरीजवळच्या फाट्यावर उतरून दोघं चालत गेली. तुलसाच्या डोक्यावर घरच्या तांदळाची पिशवी होती.

शालीकराम पडवीत बसला होता. अंगणात वाळत घातलेला मोहा तसाच पडला होता आणि कोंबड्या त्यात फिरत होत्या. मुलगी दाराआडून पाहत होती. उदेलालनं नाव सांगितलं. शालीकरामानं मान वर केली.

"गाडी तुमची का?"

उदेलालला रस्ताभर जे बोलायचं ठरवलं होतं ते आठवेना. "मी इकली होती बाबा," तो म्हणाला. "दसऱ्यालेच इकली. मी नव्हतो चालवत."

"मले पोलिसानं तुमचं नाव सांगितलं."

"नाव माझं हाय. पर गाडी माझी नाही."

शालीकराम बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि उदेलालला तेच सहन होईना. "मंग मी कोनाले इचारू?" शालीकराम म्हणाला. "चालवनारा म्हनते मालकाले इचार. मालक म्हनते गाडी माझी नाही. माझी बायको तं मेली ना?"

तुलसानं पिशवी खाली ठेवली. "लेकरासाठी आनले," ती म्हणाली.

"न्या माय ते," शालीकराम म्हणाला. "तुमचे तांदूळ तिले कसे चारू?"

 परतताना बसमध्ये पिशवी तुलसाच्या मांडीवर होती.

बातमी पेपरात आली होती, गाडीच्या नंबरासकट, मालकाच्या नावासकट. गाडी विकलेली होती हे कामठ्यातल्या जवळच्या लोकांना ठाऊक होतं, पण बाजाराच्या दिवशी बाहेरगावचे लोक त्याच्याकडे बोट दाखवत. हळूहळू गावातही फरक पडला. कोणी वाईट बोललं नाही. फक्त गाडी मागायला येणं थांबलं. गल्लीतल्या सुशिलाबाईच्या सुनेला कळा आल्या तेव्हा तिच्या घरचे उदेलालच्या दारावरून पुढे गेले आणि ठेकेदाराची जीप घेऊन आले. उदेलाल किल्ली हातात घेऊन अंगणात उभा राहिला होता. जीप गेली तशी तो आत आला आणि किल्ली तुलसाकडे देऊन म्हणाला, "हे ठेव कुठंतरी."

दावा काही वर्षं चालला. प्रत्येक तारखेला उदेलाल धुतलेला सदरा घालून गोंदियाला जाई. एकदोनदा शालीकराम दिसला. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघं दोन टोकांना बसले होते. पुढं शालीकरामाचं येणं थांबलं, त्याचा वकील एकटाच येई. २०१४ साली निकाल लागला. नोंद ज्याच्या नावावर, मालक तोच, असं कोर्टानं धरलं आणि भरपाई चालवणाऱ्यावर आणि उदेलालवर टाकली. चालवणाऱ्याकडे तर काहीच नव्हतं.

धनेंद्र म्हणाला, "हायकोर्टात जाऊ. तुम्ही काही केलं नाही, मंग कायले भराचं?"

"आता नाही जात," उदेलाल म्हणाला.

"तुमची काय चूक हाय याच्यात?"

"बाई मेली, धनेंद्र."

"आपल्यानं मेली का?"

 उदेलालनं लाल गाडी विकली आणि कालव्याकडची धानाची बांधी विकली. ती बांधी पुढं धनेंद्रच्या वाट्याला यायची होती. पैसे कोर्टात भरले. "एका ऑफरच्या मागं लागून मीच तुमाले फसवलं, असंच ना?" असं धनेंद्र त्या दिवशी ओरडला. उदेलालनं असं कधी म्हटलं नव्हतं. पण त्यानं ते नाकारलंही नाही, आणि ते धनेंद्रच्या मनात राहिलं. त्यानंतर तो सणालाही अर्ध्या दिवसापुरताच येऊ लागला. रविता लहानग्या सोनिकाला, उदेलालच्या नातीला, घेऊन बसे आणि तो अंगणात मोबाईल पाहत उभा राही.

पैसे भरल्यावर उदेलाल पुन्हा एकदा देवरीला गेला, या वेळी एकटाच. आता तरी शालीकरामाजवळ दोन घटका बसता येईल, असं त्याला वाटत होतं. घराला कुलूप होतं. पडवीचा एक खांब वाकला होता, अंगणात तरोटा गुडघ्याएवढा वाढला होता. शेजारची म्हातारी सूप घेऊन बाहेर आली.

"तो तं मिरच्या तोडाले तेलंगणात गेला," ती म्हणाली. "दोन सालं झाली. तिकडंच राहून राहिला म्हनतेत."

"आन पोरगी?"

"पोरगी मामाकडं होती. तापानं गेली ना ते, मागच्या पावसात."

उदेलाल पडवीच्या कडेला बसला. म्हातारीनं पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. कोर्टातले पैसे आता कोणासाठी आहेत, हे त्याला कळेना. म्हातारीनं विचारलं, "तुमी कोन त्याचे? आला तं कोन आलं होतं म्हनून सांगू?"

तो उठला. भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि फाट्याकडे चालू लागला. आमगावची बस यायला बराच वेळ होता. जंगलातून येणारे ट्रक एकामागून एक त्याच्या अंगावर धूळ उडवत गेले, आणि तो रस्त्यापासून लांब, शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला.