दिरांची चिकटपट्टी

मंडळी, आज दुपारपासून मी लई खूश आहे, आणि कारण अजिबात चांगलं नाही.

मागच्या रविवारी उदगीरहून माझे धाकटे दीर आले होते. मी प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये सिरिंजनं शाई भरून राहिले होते. "सरका वहिनी, तुमाला न्हाई जमायचं," म्हणत त्यांनी ते ओढून घेतलं, वरून घट्ट चिकटपट्टी लावली आणि जेवून निघून गेले.

तेव्हापासून प्रिंटर चार ओळी छापायचा आणि पुढचं पान कोरं. माझ्या वर्गातल्या पोरांच्या सरावाचे पेपर अडकले. भाऊजींना विचारलं, तर त्यांनी घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "वहिनीनं हात लावला की मशीन गेलीच समजा."

आठवडाभर मी प्रिंटर साफ करत बसले. आज कार्ट्रिज उजेडात धरून बघितलं, तर पट्टी नेमकी हवेच्या छिद्रावर! हवा आत जाईना, तर शाई खाली उतरणार कशी? पट्टी ओढून काढली आणि सगळी अक्षरं काळीभोर छापून आली.

पेपर नंतर. पहिल्यांदा भाऊजींचा तो मेसेज छापला, पानभर मोठ्या अक्षरांत. मग जेवायच्या खोलीत भिंतीवर लावला, त्यांच्याच चिकटपट्टीनं.

सासूबाईंनी चष्मा लावून वाचला. मला वाटलं, आता लेकाची बाजू घेणार.

"जरा खाली लाव," त्या म्हणाल्या. "उद्या परत यायलाय तो, जेवाया बसला की समोर दिसाया पाहिजे त्याला."

मंडळी, उद्या ताटात गोड काय करू?