अढी असेल त्यानं पुढं येऊ नये

आमच्या उदगीरच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्या वडिलांची साक्ष फार गाजलेली होती. दारू कशी सुटली, प्रभूनं गटारातून कसं उचललं, हे ते इतकं रंगवून सांगत की किनवट-इस्लापूरकडूनही सभांची बोलावणी येत. साक्षीत एका ठिकाणी आई यायची. "हिला मी सरपणाच्या लाकडानं मारलं, हात मोडला हिचा," असं म्हणून ते थांबत आणि तिला उभं राहायला सांगत. आई उभी राही. लोक आधी हळहळत, मग टाळ्या वाजवत. कुणीतरी त्याचा व्हिडिओ मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला होता. तो बघून मला मोबाईल भिंतीवर फेकावासा वाटला.

दारू खरंच सुटली होती, हे कबूल. मारही थांबला. पण इतक्या वर्षांत ते आईला एकदाही 'चुकलो' म्हणाले नाहीत. तिनं विषय काढला तर म्हणत, "त्यो माणूस मेला. मी नवा हाय. मेलेल्याचा जाब मला कशाला इचारतीस?" आणि वर, "पापी तर आपण समदेच हाव." या वाक्याची मला आजही चीड येते. समदेच पापी, म्हणजे मारणारा आणि मार खाणारी एकाच रांगेत! करून सवरून नामानिराळं राहायची याहून सोपी वाट मी पाहिलेली नाही, आणि त्या वाटेला ते कृपा म्हणत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकर आणि प्याला देण्याआधी पाळक सांगत, "ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल, त्यानं पुढं येऊ नये." वडिलांच्या मनात कुणाविषयी अढी नव्हती. असेल कशाला? ते पहिल्या रांगेत जाऊन गुडघे टेकत. आई मागच्या बाकावर बसून राही. तिच्या मनात अढी होती, आणि खोटेपणानं प्रभूच्या मेजाशी जाईल अशी ती बाई नव्हती. बायका कुजबुजत, हिचंच काहीतरी झाकलेलं पाप असणार. हळूहळू आईलाही तसंच वाटू लागलं.

"खोट माझ्यातच हाय गं. मला माफ करता येत न्हाई."

मी परोपरीनं सांगायची, शास्त्रात उलट लिहिलंय, ज्यानं दुखावलं त्यानं आधी जाऊन समेट करायचा. "ते तू तुझ्या शाळंत शिकिव," आई म्हणायची.

मागच्या वर्षी लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं. आईची एकच इच्छा राहिली होती, जायच्या आधी प्रभुभोजन घ्यायचं. आमचे पाळक भाकर-प्याला घेऊन उदगीरहून दवाखान्यातच आले. आई वडिलांकडं बघत म्हणाली, "मी माफ कराया तयार हाय. ह्यांनी एकडाव मागावी."

वडील पाळकांकडं बघून हसले. "साहेब, देवानं मला कवाच माफ केलंय. आता हिच्याकडं आणिक कशाला मागू?"

"मार देवानं खाल्ला व्हता का?" आई म्हणाली.

पाळक तरुण होते, भले होते. "मावशी, तुम्ही घ्या," म्हणत त्यांनी भाकर तिच्या तोंडाशी नेली. आईनं मान फिरवली. "अढी हाय, साहेब." मग त्यांनी प्याला रुमालानं झाकला, प्रार्थना केली आणि निघाले. वडील त्यांना सोडायला खाली गेले.

मी कॉटवर तिच्याजवळ बसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मला घेतील का गं वर?"

"तुला नाही तर कुणाला घेतील?"

ती वर पंख्याकडं बघत राहिली. मला वाटलं, जरा बरं वाटलं असेल तिला.

"ह्यांना तर आधीच घेतलंय म्हणत्यात," ती म्हणाली. "मंग तिथंबी ह्येच असतील."