बारा मुक्कामांचे बारा शब्द

हरणाबाईंना चालावंसं वाटलं की त्या बाजेवर आडव्या पडतात. डोळे मिटले की आटपाडीकडचा माळ पायाखाली येतो, पुढं मेंढरांच्या पाठींचा लोंढा हळूहळू सरकू लागतो, घोड्यावर लादलेली भांडी किणकिणतात. गुडघे गेले त्याला तीन वर्षं झाली. मेंढरं धाकट्या लेकाच्या, ज्योतिबाच्या हवाली केली. तरी दिवाळी झाली की त्या बाजेवरूनच कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी परत येतात.

शाळा त्यांनी पाहिली नाही. पण कुठल्या साली, कुठल्या मुक्कामाला, कुठली मेंढी व्याली, हे त्या आजही सांगतात. म्हणून तर थोरल्या धनाजीनं आपली किल्ली त्यांच्याजवळ ठेवली होती.

धनाजी दूर तमिळ मुलखात गलाईच्या दुकानात, सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामावर. पगारातून उरेल ते दहा वर्षं तो बिटकॉइनमध्ये घालत आला. आधी ते एका कंपनीकडं असे. एका सकाळी कंपनीनं पैसे काढणं बंद केलं, ते दीड महिन्यानं उघडलं. तेवढ्यात धनाजीच्या गालाची हाडं वर आली. मग त्यानं सगळं स्वतःच्या ताब्यात घेतलं. त्याची किल्ली म्हणजे अंगठ्याएवढं एक यंत्र. आणि ते बिघडलंच तर बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. शब्द ज्याच्याकडं, पैसा त्याचा. मध्ये बँक नाही, साहेब नाही, अर्ज नाही. आणि शब्द हरवले तर रडायला जागाही नाही.

लिहून ठेवायचे कुठं? दुकानात तेजाबाच्या वाफेनं कागदाचा चुरा होतो, खोलीत सात माणसं झोपतात. म्हणून एका वर्षी तो रजा काढून कळपाबरोबर बारा दिवस चालला. रोज मुक्कामाला मेंढरांभोवती जाळी लागली की आईच्या कानात एकच शब्द सांगायचा. हरणाबाई तो तिथंच ठेवायच्या. 'लॅम्प' पुलाखालच्या वाळूत. 'अंकल' घाटातल्या वळणावर. 'ऑरेंज' एका बाभळीच्या बुंध्याशी. वाट होती तिथं राहिली, शब्दही राहिले.

यंदा तेजाबानं ते यंत्रच खाल्लं. त्यातच दुकानाचा मालक म्हातारा झाला आणि म्हणाला, दुकान तू घे, नाहीतर दुसऱ्याला देतो. धनाजी गावी आला तो दहा वर्षांची चाकरी आईच्या डोक्यातून काढायला. बरोबर चुलतभाऊ अमृत, साताऱ्याच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरवर काम करणारा.

धनाजीची बायको चहा करेपर्यंत दोघांची जुंपली.

"लोक बिटकॉइनच्या सामाईक हिशेबवहीत माकडांची चित्रं चिकटवत्यात," धनाजी म्हणाला. "ती आमी आमच्या मशीनवर जन्मभर सांभाळायची. पैशासाठी काढलेली वाट हाय ती."

"फी भरत्यात की गड्या! भरंल त्यानं काय बी लिवावं. तू कोण अडवणार? मग तू बी साहेबच झालास."

हरणाबाईंनी विचारलं, "रस्ता गाड्यांचा हाय, मेंढरं काढा, असं तुझ्या बापाला किती जणांनी सुनावलं, ठावं हाय का धनाजी?"

अमृत हसला. "बघ, काकू माझ्या बाजूनं."

"तू लय हसू नगंस. आमची मेंढरं बसली त्या रानात लेंड्यांनी पीक यायचं. तुमच्या माकडांनी काय पिकतंय?"

शब्द काढायच्या आधी त्यांनी अमृतला बाहेर घालवलं. हरणाबाईंनी डोळे मिटले आणि चालायला लागल्या. माळ, विट्याची चढण, ओढा, कृष्णेचा पूल, पाटण, घाट. एकेक शब्द धनाजीच्या कानात पडत गेला. घाटाखालच्या आमराईत त्या थांबल्या.

"झालं."

"अकराच झालं, आये."

"अकराच मुक्काम हायती."

धनाजीचा चेहरा राखेसारखा झाला. अमृतनं लॅपटॉपचं इंटरनेट तोडून प्रोग्रॅम लावून दिला, धनाजीनं बारावा शब्द शोधायला घेतला. त्या यादीत दोन हजारांवर शब्द. सगळे, सगळ्या जागी घालून पाहिले. दुपार सरली. एकानंही कुलूप हललं नाही.

धनाजी उंबऱ्यावर बसून राहिला. हरणाबाई त्याच्या पाठीकडं बघत होत्या. वाट त्यांना दिसत होती, पण वाटेत हा पोरगा कुठं दिसत नव्हता.

"तुला काय आठवतंय रं त्या दिवसातलं?"

"काय आठवायचं? चप्पल तुटली, डांबरावर पाय भाजलं. बा हसत हुता."

हरणाबाई उठून बसल्या. "कार्तिकात पाय भाजत्यात व्हय रं?"

"म्हंजे?"

"आपण जात नव्हतो. येत हुतो! वाट घरातनं निघती म्हणून मी बी घरातनंच निघाले." त्यांनी डोळे मिटले. आता ऊन होतं, मेंढरं तोंडं उघडी टाकून चालली होती, माणसं घाटाखालून वर येत होती. आमराई, घाट, पाटण, पूल. आणि पुढं ओढा कोरडा ठणठणीत, म्हणून आडवाटेला वांगी गावच्या मळ्यातली विहीर. जाताना तिथं कुणी थांबत नाही, पाणी सगळीकडं असतं. विहिरीच्या खालच्या पायरीवर धनाजी पाय पाण्यात सोडून बसला होता.

"पेन्सिल," त्या म्हणाल्या.

आमराईपासून माळापर्यंत उलट्या क्रमानं, विहिरीसकट, बारा. कुलूप उघडलं. धनाजीनं आईच्या पावलांवर डोकं ठेवलं.

दोन दिवसांत त्यानं सगळं नव्या किल्लीत हलवलं, पोलादी पट्टीवर नवे शब्द ठोकले. "जुनं इसरलं तरी चालंल आता."

"कशाला इसरू? येतानाच्या वाटंवर हायती, त्यांचं कुणाला वझं हाय? नवं सांग. जातानाची वाट मोकळी हाय."

"तिथं अकराच मुक्काम, आये. बारावा?"

"बारावा तुझ्या बायकूला सांग," हरणाबाई बाजेवर आडव्या होत म्हणाल्या. "समदं म्हातारीकडंच ठिवतोस व्हय, येड्या?"