खुळा म्हणायचं नाही

माझ्या भावाला "चहा हवा की कॉफी?" असं विचारलं तर तो म्हणतो, "कॉफी." "कॉफी हवी की चहा?" विचारलं तर म्हणतो, "चहा." कॉफी त्याने जन्मात तोंडाला लावलेली नाही. समोरच्याच्या वाक्याचं शेपूट उचलून परत द्यायची त्याची सवय लहानपणापासूनची, आणि आता तो बेचाळीस वर्षांचा आहे. आमच्या आईने यावर फार पूर्वीच तोडगा काढला होता. ती म्हणायची, "त्याला विचारू नको गो. त्याच्यापुढं ठेव, हवं ते उचलील." दोन सदरे पुढे ठेवायचे, तो एकावर हात ठेवतो. तेच त्याचं बोलणं. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घरात म्हणताना मी शेजारच्या घरातला चुलतभाऊसुद्धा धरते. दोघं एका वयाचे, एका चटईवर झोपून वाढलेले. पेज कुणाच्या चुलीवरची पितोय याचा हिशोब दोघांनीही कधी ठेवला नाही.

आमचं गाव रत्नागिरीहून जयगडकडे जाताना आतल्या अंगाला. तिथे ऑटिझम हा शब्द कोण बोलणार? मलाही तो कळला तेव्हा शाळेत नोकरी लागून दहा वर्षं झाली होती. शाळेने प्रशिक्षणाला पाठवलं, तिथल्या बाई एकेक लक्षण सांगत होत्या आणि मी मनात म्हणत होते, अगं बाई, हा तर आमचाच! घरी परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. इतकी वर्षं तो असा का, याला काहीतरी नाव होतं आणि ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तोवर गावाने दिलेलं नाव होतं, खुळा. पत्ता सांगतानासुद्धा "खुळ्याच्या घरावरून वर जा." शाळेतल्या गुरुजींनी दुसरीतून त्याला घरी पाठवलं ते याच शब्दाने. माझ्या लग्नात सासरकडची एक मावशी मांडवातच म्हणाली, "ह्या खुळ्याला आत बसवलेलं बरं, नाय का रे?" आणि हा म्हणाला, "नाय का रे." सगळी हसली. मग तो खरंच आतल्या खोलीत बसला, माझ्या लग्नाचा पूर्ण दिवस. चुलतभाऊ पंगत सोडून त्याच्याबरोबर आत जाऊन जेवला. हे मी विसरलेले नाही, म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

शब्दांत काय ठेवलंय, मन साफ हवं, असं म्हणणारी माणसं मला वरचेवर भेटतात. त्यांना कुणी कधी खुळा म्हटलेलं नसतं. मी चिडायची. बाजारात, लग्नात, एसटीत, कुणी तो शब्द काढला की मी तिथल्या तिथे झाडायची. "ही मास्तरीण आली, तोंड सांभाळा रे," असं बायका एकमेकींना म्हणायच्या. म्हणेनात का! मला त्याचा अभिमानच होता.

पण त्याच गावाने त्याला एक गोष्ट दिली होती, आणि मी ती कधी नीट मोजलीच नाही. शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. पालखीच्या पुढे अब्दागिरी असते, म्हणजे उंच दांड्यावरचं जरीचं मोठं पान. ती धरायचा मान आमच्या घराण्याकडे. वीसेक वर्षांपूर्वी ती धरणाऱ्या काकांचा, म्हणजे चुलतभावाच्या वडिलांचा, खांदा दुखावला. भाऊ नेहमीसारखा ढोलाला चिकटून चालत होता. काकांनी कुणाला न विचारता दांडा याच्या हातात दिला. याने तो धरला, आणि पुढच्या सगळ्या वर्षांत एकदाही तिरपा होऊ दिला नाही. कुठल्या घरानंतर कुठलं घर, कुठल्या अंगणात तुळशीच्या कुठल्या बाजूने वळायचं, कुठे माडाची झावळी खाली येते म्हणून दांडा उतरवून घ्यायचा, सगळं त्याला पाठ. बाकीचे मानकरी चौथ्या-पाचव्या घरानंतर जरा 'प्रसाद' घेऊन डुलायला लागत. हा अनवाणी, ताठ. ढोल कानाशी वाजत असला की त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते एरवी वर्षभर यायचं नाही. बायका ओवाळताना म्हणत, "खुळाच तो, पण काय सरळ चालतोय बघ!" मला त्यातला पहिला शब्दच ऐकू यायचा.

काका गेले, आई गेली. आई गेल्यावर भाऊ गावातच राहिला, कारण रत्नागिरीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये तो तीन दिवसांत आजारी पडला. जेवण चुलतभावाच्या घरचं, शनिवार-रविवार मी. चुलतभाऊ देवस्थान कमिटीचा सेक्रेटरी झाला होता. गेल्या वर्षी गणपतीनंतर त्यानेच विषय काढला. "ताय, देवळात एक कार्यक्रम घेऊ. ऑटिझम का काय ते, तू समजावून सांग. किती दिवस लोकं त्याला खुळा म्हणणार?" मला भरून आलं. म्हटलं, इतकी वर्षं एकटी ओरडत होते, आता घरातलं माणूस उभं राहिलं.

कार्यक्रम झकास झाला. सभामंडपात अर्धा गाव होता. मी शाळेतून कागदपत्रं, चित्रं नेली. काय म्हणायचं, काय म्हणायचं नाही याची यादी केली. खुळा नाही, येडा नाही, डोक्याने अर्धवट नाही. स्वमग्न म्हणा, दिव्यांग म्हणा, नाहीतर सरळ नावाने हाक मारा, त्याला नाव आहे. मग लक्षणं सांगितली. मोठ्या आवाजाचा त्रास होतो, गर्दीचा त्रास होतो, गडबडीत ही माणसं बावरतात. आणि सगळ्यात शेवटी, टेबलावर हात आपटून, "त्यांच्या वतीने परस्पर ठरवू नका. त्यांना विचारा!" टाळ्या पडल्या. भाऊ पहिल्या रांगेत बसून माझी चित्रं बघत होता.

माझ्या भावाला ढोलाचा त्रास होत नाही, हे मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण ते माझ्या कागदावरच्या लक्षणांत बसत नव्हतं, आणि लोक गोंधळतील असं मला वाटलं. वीस वर्षं त्याला पालखीपुढे बघितलेल्या गावाला मी, त्याची सख्खी बहीण, सांगून बसले की असल्या माणसांना गर्दी सोसत नाही. चुलतभावाने माझ्या यादीचा फ्लेक्स करून देवळाच्या भिंतीला लावला. खाली माझं नाव, पुढे 'मॅडम' लावून. आठवड्याभरात गावातली चिल्लीपिल्लीसुद्धा दिव्यांग म्हणायला लागली. मी हवेत.

शिमग्याच्या आधी गावच्या ग्रुपवर पत्रिका आली. दिव्यांग बांधवांचा सत्कार, पालखीशेजारी राखीव आसन. मी शाळेत सगळ्यांना दाखवली. जळलं मेलं माझं डोकं, आसन म्हणजे बसायचं, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

पालखी बाहेर पडायच्या दिवशी सकाळी आम्ही सहाणेवर पोचलो. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा. भाऊ पांढरा लेंगा-सदरा घालून पहाटेपासून तयार होता. तो नेहमीच्या जागी, चौथऱ्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि हात पुढे केले. अब्दागिरी तिथे नव्हती. ती चुलतभावाच्या मुलाच्या हातात होती. मुंबईहून आलेला, फेटा बांधलेला, एकोणीस-वीस वर्षांचा गडी, आणि त्याचे मित्र मोबाइल धरून समोर. मागे एक लाल गादीची खुर्ची मांडलेली. तिच्यावर कागद, 'दिव्यांगांसाठी राखीव'.

मी चुलतभावाला बाजूला ओढलं. "हे काय?"

"ताय, तूच सांगितलंस ना? त्याला आवाज सोसत नाही, गर्दी सोसत नाही. आम्हाला काय माहीत होतं? इतकी वर्षं आम्ही त्याचे हालच केले म्हणायचे." चेहरा असा साळसूद, जसं काही पोटात काहीच नाही.

"वीस वर्षं तू त्याच्यामागून ढोल वाजवलायस मेल्या! त्याला सोसत नाही?"

त्याने एकदा पोराकडे बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "पोरगं तीन वर्षं मागं लागलंय. मान आमच्या बापाचाच होता. पण ह्याच्या हातून अब्दागिरी काढून घ्यायची तर गावात तोंड कसं दाखवणार? तुझ्या कार्यक्रमानं जरा सोपं झालं, एवढंच."

एवढंच! तो सरळ येऊन म्हणाला असता, ताय, माझ्या पोराला अब्दागिरी हवीय, तर मी भांडले असते, दोन महिने बोलले नसते, आणि शेवटी काहीतरी वाटणी झाली असती. अर्धी घरं याने, अर्धी त्याने. भावकीत असंच होतं. पण त्याने माझाच कार्यक्रम मांडला, माझ्याच तोंडून गावाची तयारी करून घेतली, आणि मी त्याच्यासाठी रत्नागिरीहून पेढे घेऊन गेले होते. आयुष्यात मला असं कुणी फसवलं नाही. परक्याने गळा कापला तर माणूस निदान ओरडतो.

मी ओरडलेच. गुरव, मानकरी, चाकरमानी, सगळ्यांसमोर म्हटलं, "अब्दागिरी माझ्या भावाची आहे. त्याला द्या." कुजबुज सुरू झाली. एक म्हातारे मानकरी म्हणाले, "देऊया की. त्याची इच्छा असली तर अडवतंय कोण?" लोक माना हलवायला लागले. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

तेव्हा चुलतभाऊ पुढे झाला. भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपण परस्पर नको ठरवायला. त्यालाच विचारू." मग वळून, अगदी मायेने, "काय रे, अब्दागिरी धरतोस, की खुर्चीत बसतोस?"

"खुर्चीत बसतोस," भाऊ म्हणाला.

एका चटईवर झोपलेला माणूस. कॉफी की चहा त्याला ठाऊक नव्हतं? गावात दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर अजाणता झालं म्हटलं असतं. याने शब्द मांडून ठेवले, कुठला आधी, कुठला नंतर. आणि भावाचे हात अजून पुढेच होते, दांडा घ्यायला.

"असं विचारू नको त्याला!" मी म्हटलं. "अब्दागिरी त्याच्यापुढं धर. खुर्ची नि ती, दोन्ही पुढं ठेव, नि बघ कशाला हात लावतो."

"ताय, तूच म्हणालीस, त्यांना विचारा. आम्ही विचारलं. त्याने आपल्या तोंडानं सांगितलं. आता त्याच्या बोलण्याला किंमत नाही म्हणतेस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ढोलवाले टिपऱ्या हातात घेऊन थांबलेले, ऊन चढत होतं, गुरव पालखीची दोरी परत परत आवळत होता. त्याचं बोलणं धरू नका, असं सांगायचं म्हणजे मी भिंतीवर लटकवलेली सगळी यादी माझ्याच हाताने फाडायची. आणि नाही सांगायचं, तर भाऊ खुर्चीत. थंड डोक्याची बाई असते तर काही सुचलं असतं. सरळ पुढे जाऊन त्या पोराच्या हातातला दांडा घेतला असता आणि भावाच्या हातात दिला असता, काकांनी दिला होता तसा. ते मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या वेळी माझं डोकं फिरलं होतं.

"अरे, त्याला काय कळतंय!" मी किंचाळले. "त्याच्या बोलण्याचं काय घेऊन बसलाय! खुळा आहे तो!"

"खुळा आहे तो," भाऊ म्हणाला. माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात.

कुणी हसलं नाही. शेजारच्या वाडीतली एक म्हातारी, जिला मी एकदा याच शब्दावरून भर रस्त्यात झाडलं होतं, माझा दंड धरून हळूच म्हणाली, "असं बोलू नये गो. दिव्यांग म्हणायचं." ती टोमणा मारत नव्हती. ती मनापासून सांगत होती.

चुलतभावाने भावाला खुर्चीत बसवलं, शाल घातली, नारळ मांडीवर ठेवला. पालखी उठली. पहिल्या घराकडे जायला लागली तसा भाऊ उठून मागोमाग निघाला आणि दोघांनी त्याला हळुवार धरून, खूप समजुतीने, परत बसवलं. तो दर वेळी म्हणत होता, "खुळा आहे तो." कोणी म्हणालं, "नाही हां, असं नाही म्हणायचं." तो म्हणाला, "नाही म्हणायचं."

चुलतभावाशी मी बोलत नाही. भावाचं जेवण आता वाडीतल्या दुसऱ्या एका घरातून येतं. गावात तो शब्द खरोखरच बंद झालाय, फ्लेक्स अजून भिंतीवर आहे. त्या दिवशी अख्ख्या सहाणेवर त्याला खुळा म्हणणारी एकटी मीच होते.