मर्ज म्हणजे काय

एका इंग्रजी शब्दाला रोग समजून मी गावची शाळा चार दिवस बंद ठेवली होती. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर नाकात गेला, की अजून ते आठवतं. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन नुकतीच झाली होती, सरकारी कागद उर्दूऐवजी इंग्रजीत येऊ लागले होते, आणि उर्दूत शिकलेल्या मी, गावच्या एकुलत्या मास्तरानं, अक्षरं जुळवत हुकूम वाचला: आमची शाळा, करमाडची शाळा, ‘मर्ज’. उर्दूत मर्ज म्हणजे आजार. शेजारच्या करमाडला साथ आलीय आणि सरकार ती लपवतंय, असा मला दाट संशय आला. पोरांना घरी पिटाळलं, वर्गात पाला जाळला, करमाडच्या दूधवाल्यालाही वेशीबाहेरच अडवलं. पाचव्या दिवशी तिथले हेडमास्तर चौकशीला आले. मी नाकाला रुमाल लावून हुकूम पुढं केला. “अहो, मर्ज म्हणजे दोन्ही शाळा एक करायच्या,” ते हसले, “मूळ लॅटिन अर्थ मात्र बुडवणं.” शेजारी उभे आमचे पाटील लगेच म्हणाले, “मंग मास्तरांनी हुकूम बराबर पाळला की! पोरं शाळा बुडवतात, हितं सोता मास्तरांनीच बुडवली.”