सोमवारी काय शिजतं?

आमच्या व्याह्यांइतका चौकस माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला असणार. तीस-पस्तीस वर्षं ते दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते आणि निवृत्त झाल्यावर परभणीच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. मूळचे सोनपेठकडचे, गोदाकाठचे. तिकडची माणसं वाटसरूला कुठला-कोणाचा हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, त्यात यांना तर विचारण्याचाच पगार मिळत होता. माझ्या मुलीला पाहायला सेलूला आले तेव्हाची गोष्ट. मंडळी पोहे खात होती, मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि हे गृहस्थ तिला सोडून दारातल्या माझ्या चपलांकडे पाहत होते. मग म्हणाले, "गुरुजी, उजवा गुडघा कवापासून दुखायलाय?" गुडघ्याचं मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एक चप्पल एकाच बाजूनं झिजली होती, तिनं चुगली केली. लगेच पुढचा प्रश्न आला, "रातच्याला लघवीला किती बारी उठता?" माझ्या साडूंच्या तोंडातला घास तिथंच थांबला. वधूपरीक्षा राहिली बाजूला, वधूपित्याची मात्र अथपासून इतिपर्यंत झाली. मी तपासणी करून घेईन या अटीवरच लग्न ठरलं, असं मी अजूनही चारचौघांत सांगतो, आणि ते कधी नाही म्हणत नाहीत.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे दिवस वाया घालवणं. वांगी घ्यायला गेले की वांगेवालीचा खोकला किती दिवसांचा, घरात चूल आहे का गॅस, हे कळल्याशिवाय ते पिशवी पुढे करत नाहीत. पण सरळ प्रश्न त्यांना वर्ज्य. "तब्येत कशी हाय इचारलं की माणूस बरी हाय म्हनतो," असं त्यांचं म्हणणं. "खामखा खोटं बोलायला लावायचं कशाला? जिना चढून आलाव का, ते इचारा. दम लागला असंल तर सांगंल आपसूक." लेकीच्या घरी गेल्यावर मीही आता चहा घेताना जपून उत्तरं देतो, कारण चहा गोड आहे का या साध्या प्रश्नामागे यांचं काय दडलं असेल सांगता येत नाही.

अशा माणसाच्या वर्गात मोबाईलवरचा एआय येऊन दाखल झाला. रुग्ण घरी जाताना त्याला जी सूचनांची चिठ्ठी द्यायची, ती मुलींनी या यंत्राकडून लिहून घ्यायला शिकावं, असं कॉलेजनं ठरवलं. यंत्राला काय हवं ते नीट लिहून सांगायचं, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. बाकीचे शिक्षक कचरले आणि आमचे व्याही पुढे झाले. मी त्या दिवशी परभणीतच होतो, म्हणून मलाही वर्गात मागच्या बाकावर बसवलं. एका मुलीनं टाईप केलं, 'मधुमेहाच्या रुग्णासाठी सूचना लिहा.' यंत्रानं पापणी लवायच्या आत पानभर मजकूर दिला. ऑलिव्ह तेल वापरा, ब्रोकोली खा, रोज सकाळी उद्यानात फिरायला जा. मुलींनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सोनपेठच्या बाजारात ब्रोकोली कोन इकायलाय, तेवढं सांगा. मी बी किलोभर आनतो," ते म्हणाले. "आन जी बाई दिवसभर कापूस येचते, तिला सकाळी उद्यानात धाडायलाव व्हय? काय बघायला, फुलं?"

वर्ग हसला, पण यंत्रावर ते रागावले नाहीत. त्यांचा राग टाईप करणाऱ्या बोटांवर होता. म्हणाले, "हे यंत्र म्हंजे शहरातला जावई हाय. लय शिकलेला, लय गोड बोलनारा, आन कशालाच न्हाई न म्हननारा. पर आपल्या घरात कोनाला काय पचत न्हाई, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपुन सांगायचं, मग त्याला बोलू द्यायचं." माझा जावई म्हणजे त्यांचाच मुलगा, हे त्यांच्या ध्यानात आलं असेल तरी चेहऱ्यावर दिसलं नाही. प्रॉम्प्ट या शब्दाला त्यांनी 'सांगावा' असं नाव दिलं आणि फळ्यावर एकच ओळ लिहिली : 'नाव लिहू नका, माणूस लिहा.' रुग्णाचं नाव, गाव, फोन नंबर यंत्राला द्यायचा नाही, पण तो कसा जगतो ते मात्र सगळं सांगायचं. त्यासाठी सांगावा लिहिण्याआधी रुग्णाजवळ एक कप चहा संपेपर्यंत बसायचं. गोळ्या कुठं ठेवता, हे विचारायचं. एका आजीबाईंनी त्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि डबा फळीवर इतका उंच होता की सून घरी नसली की गोळी बुडायची. चिठ्ठी घरात कोण वाचतं, हे विचारायचं. तिसरीतली नात वाचत असेल तर तिसरीतल्या मुलीला वाचता येईल असंच लिही, म्हणून यंत्राला बजावायचं. आणि उपास करता का, हे कधीच विचारायचं नाही. "लोक उपास दवाखान्यात सांगत न्हाईत. सांगितला की पुण्य कमी होतं म्हनं. सोमवारी काय शिजतं, एकादशीला काय शिजतं, असं इचारा," ते म्हणाले. तयार चिठ्ठी मग कॉलेजातल्या स्वयंपाकाच्या मावशींना वाचून दाखवायची. ऐकून त्या "म्हंजे मी नेमकं करू काय?" असं म्हणाल्या की चिठ्ठी नापास. शेवटी डॉक्टरांची नजर फिरल्याशिवाय कागद रुग्णाच्या हाती जायचा नाही.

हे सगळं मी मजा म्हणून ऐकलं आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. आमच्या घरी तेव्हा मजेचे दिवस नव्हते. हिला नुकतंच इन्सुलिन सुरू झालं होतं, आणि महिन्याभरात ती दोनदा घेरी येऊन पडली. एकदा ओट्यापाशी, एकदा मोरीत. दोन्ही वेळा साखर खाली गेली होती. डॉक्टरांनी डोस कमी केला, तरी तिसऱ्यांदा तेच. वेळेवर जेवता ना, या प्रश्नाला ही दर वेळी "हो" म्हणायची. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. रात्री तिचा श्वास चालू आहे ना हे पाहायला मी दोन-दोनदा उठू लागलो. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगावी हेही कळत नव्हतं.

शेवटी व्याह्यांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी ते सेलूला हजर झाले. बरोबर पूर्णेची एक विद्यार्थिनी होती, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, शेवटच्या वर्षाला असलेली. विहिणीला आपण प्रश्न विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी सराव करायच्या निमित्तानं ही पोर आणली होती. पोर स्वयंपाकघरात हिच्याशेजारी पाटावर बसली, आम्ही दोघे पुढच्या खोलीत खाटेवर. मधलं दार उघडंच होतं.

गोळ्या, चिठ्ठी, चहा असं करत पोरीनं विचारलं, "काकू, सोमवारी काय शिजतं?"

"यांच्यापुरती भाकरी, भाजी."

"आन तुमच्यासाठी?"

भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग ही म्हणाली, "मी दिवस मावळल्यावर खाते की."

"आन सोमवारी सकाळची सुई?"

"घेते ना. डॉक्टर म्हनले, चुकवायची न्हाई."

डॉक्टरांचंही ऐकायचं आणि महादेवाचंही, असा तिनं आपल्यापुरता न्याय केला होता. घेरीचे तिन्ही दिवस मी बोटांवर मोजले. तिन्ही सोमवार. चाळीस वर्षं ती "तुमी बसा, मी मागून जेवते" म्हणत आली, आणि एकदाही मागे वळून पाहावं असं मला सुचलं नव्हतं. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

पोरीनं तिथंच सांगावा लिहिला : 'साठीची बाई. सोमवारी सूर्यास्तापर्यंत काही खात नाही, पण सकाळी इन्सुलिन घेते. तीनदा पडली. घाबरवू नका.' यंत्रानंही शहाणपण दाखवलं. डोसाचं स्वतः काही न ठरवता, उपाशीपोटी इन्सुलिन धोक्याचं आहे, आजच डॉक्टरांशी बोला, असं पहिल्या ओळीत लिहिलं. व्याह्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. निरोप स्पष्ट होता : तूर्त उपास बंद, दोन्ही वेळा जेवण.

ही मात्र ऐकेना. दाराच्या चौकटीला हात धरून उभी राहिली आणि पहिल्यांदाच थेट व्याह्यांकडे पाहून बोलली. "भाऊ, ते जमायचं न्हाई. लेकीचं गेल्या साली चवथ्या महिन्यात गेलं. तिच्या पदरात लेकरू पडंपर्यंत सोमवार धरलेत मी. मधीच मोडले आन तिला काही झालं तर?"

लेक माझी, सून त्यांची. आयुष्यभर प्रश्न विचारत आलेल्या त्या माणसाला तेव्हा एकही प्रश्न सुचला नाही. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "इहीनबाई, नातवंड काय तुमच्या एकटीचं व्हनार हाय का? निम्मं माझं हाय. आजवरचे सोमवार तुमी धरले, ऱ्हायलेले मी धरतो. मला ना साखर ना बीपी. तुमी जेवा."

"दुसऱ्यानं धरलेला पोचतो का?"

"आजा दुसरा असतो व्हय?"

त्या दिवशी तिनं आमच्यासमोर बसून भाकरी खाल्ली, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

याला आता चार महिने झाले. घेरी एकदाही नाही, मी रात्री निवांत झोपतो. लेकीला या सोमवारांचं काही सांगितलेलं नाही, आणि तिच्याकडची बातमीही अजून नाही. सोमवारी साडेअकराला आमच्याकडे दोन ताटं मांडली जातात, ही माझ्यासमोर बसते आणि मी तिचं ताट संपेपर्यंत उठत नाही. फक्त त्याच वेळी तिकडे परभणीत सत्तरीला टेकलेला एक माणूस उपाशीपोटी वर्गात उभा राहून पोरींना शिकवत असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळे पहिला घास घ्यायच्या आधी आम्ही थोडं थांबतो.